एसीतून खोलीत पाणी गळतंय? आधी ते कधी गळतं ते बघा

सलग तीन पावसाळे आमच्या घरात एसीखाली परात होती. कणीक मळायची मोठी परात, आत जुना टॉवेल घडी घालून ठेवलेला, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून. खोली सासूबाईंची, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही, म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या घरात पहिला एसी त्यांच्याच खोलीत बसवला, दीड टनाचा स्प्लिट. पहिला उन्हाळा झकास गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि इनडोअरच्या, म्हणजे खोलीतल्या युनिटच्या, डाव्या कोपऱ्यातून टिपटिप सुरू झाली. आत्या रात्रीतून दोनदा उठून टॉवेल पिळायच्या आणि सकाळी चहाच्या वेळी सांगायच्या, "अगं, आज परात काठोकाठ भरली बघ." तिसऱ्या वर्षी ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला. कपाटाला धरून सावरल्या, काही झालं नाही. पण त्या दिवशी मी हा विषय हातात घेतला.

तोवर काय चालायचं ते सांगते, कारण बऱ्याच घरांत हेच चालतं. मेकॅनिक यायचा, जेट पंपानं ट्रे धुवायचा, पाइपातून हवा मारून घाण काढायचा, बाहेर पाणी धो धो पडायचं. सगळे खूश. वीस-बावीस दिवसांनी पुन्हा टिपटिप. पुन्हा फोन, पुन्हा धुणं. पाऊस सरला की गळती आपोआप थांबायची. मार्च ते मे एसी रोज रात्रभर चालला तरी एक थेंब नाही, आणि मिरग निघाला की परत परात. आम्ही दरवेळी ट्रे धुऊन घेतला, पण उन्हाळ्यात का गळत नाही, हे कुणाला एकदाही विचारलं नाही. आमचं उत्तर त्या प्रश्नात होतं.

तुमच्याकडं आत्ता या क्षणी गळत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा खटका, खाली पाडा, नुसता रिमोटनं बंद करून भागत नाही. एसीखाली किंवा शेजारी प्लगचा बोर्ड असेल आणि पाणी त्या बाजूला ओघळत असेल, तर बोर्डाला हात न लावता मेन स्विचवरूनच लाइट घालवा. इनडोअरच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, ते भिजलं की पाइपाचं शे-दोनशे रुपयांचं काम हजारांवर जातं. फरशी पुसून घ्या आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर ती जागा कोरडी होईपर्यंत कुणाला जाऊ देऊ नका.

हे पाणी येतं कुठून? फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेला तांब्या पावसाळ्यात कट्ट्यावर ठेवा, पाच मिनिटांत त्याला बाहेरून घाम फुटतो. एसीत तेच होतं. आतली कॉइल, म्हणजे गार नळ्यांची जाळी, साधारण १० अंशांच्या आसपास थंड असते, खोलीतली हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपातून नुसत्या उतारानं बाहेर जातं. साध्या स्प्लिट एसीत हे पाणी ढकलायला पंप नसतो. उतार चुकला की पाणी आत येणारच.

मुळात हे यंत्र हवेतलं पाणी काढायलाच जन्माला आलं. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. त्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. आजचे एसी त्याच कल्पनेचे वारस. त्यामुळं एसीतून पाणी निघणं हा बिघाड नाही. ते खोलीत येणं हा बिघाड.

आता कोल्हापूरचा हिशेब मांडू. एप्रिलमधली कोरडी दुपार घ्या, ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, ११ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळं कॉइल जेमतेम ओली होते. जुलैत मात्र २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांवर जातो, आणि १० अंशांच्या कॉइलवर पाण्याची धार लागते. अशा हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. मी पाइपाच्या तोंडाला लिटरची बाटली लावून बघितलं, पाऊण तासात भरली. त्यात आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालेली असते आणि घरोघरी ओले कपडे खोलीत दोरीवर टाकलेले असतात. कपड्यांतलं पाणीही शेवटी त्याच ट्रेमध्ये उतरतं. उन्हाळ्यात अर्धवट तुंबलेला पाइप थोडंसं पाणी कसंबसं बाहेर काढतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पावसाळ्यात तोच पाइप कमी पडतो. दोष जुना असतो, दिसतो फक्त जूनमध्ये.

म्हणून मेकॅनिकला फोन करायच्या आधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा आणि कागदावर टिपून काढा: पाणी कधी सुरू होतं, कुठल्या कोपऱ्यातून येतं, आणि त्या वेळी बाहेरच्या पाइपातून पाणी पडतंय का. एवढ्या तीन गोष्टींवरून निम्म्याहून जास्त काम होतं.

एसी लावल्यावर अर्ध्या-एक तासानं टिपटिप सुरू होते, मग एकसारखी चालू राहते, आणि बाहेरचा पाइप कोरडा किंवा अगदी मंद ठिबकतोय. अशा वेळी ट्रे भरून वाहतोय. पाइप तुंबलाय किंवा त्याचा उतार बिघडलाय. बहुतेक घरांतली गळती याच जातीची असते.

एसी चालू असताना थेंब नाही, गारवा मात्र हळूहळू कमी होतो, आणि बंद केल्यावर अचानक भळाभळा पाणी येतं. इथं कॉइलवर बर्फ धरलाय. पुढचं झाकण उघडून टॉर्च मारली तर पांढरा थर दिसतो, कधी बाहेरच्या कॉपर पाइपाच्या नटावरही दिसतो. बर्फ कॉइलच्या पुढच्या अंगाला चढतो, वितळताना पाणी ट्रेच्या बाहेर पडतं. पाइप कितीही साफ केला तरी ही गळती थांबत नाही. फिल्टर धुळीनं गच्च झालेला असतो, नाहीतर आतल्या ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर काजळीसारखा थर असतो, नाहीतर गॅस कमी असतो. तिन्हीत फिल्टर आपल्या हातातला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करा. रिमोटवर १६ आणि पंखा अगदी मंद ठेवून रात्रभर झोपण्याची सवय असेल तर तीही सोडा, तिनं बर्फाला हातभार लागतो. २०२० पासून स्टार रेटिंगच्या एसींना कंपनीतूनच २४ अंशांची सेटिंग द्यावी लागते. पावसाळ्यात त्याहून खाली जायची गरज मला तरी कधी पडली नाही.

एसी बंद असतानाही पाणी येतं, आणि तेही बाहेर पाऊस झोडपत असताना. मग एसीचा काही दोष नाही. पाइप बाहेर काढायला भिंतीला पाडलेलं भोक नीट बुजवलेलं नाही, किंवा त्याचा उतार आतल्या बाजूला आहे. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून, घाटाच्या बाजूनं तिरका येतो. त्या अंगाच्या भिंतीला भोक असेल तर हे आधी तपासा. बाहेरून पुट्टी किंवा सिमेंट भरून घेतलं की भागतं. पाइपांचा जुडगाही भिंतीत शिरायच्या आधी थोडा खाली वाकवून मग वर घेतलेला असावा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळणावरूनच खाली टपकतं. ड्रेनचा पाइप मात्र असा वाकवायचा नाही, तो सरळ खाली उतरत गेला पाहिजे.

थेंब युनिटमधून येत नाहीत, पाइप जिथून जातो तिथं भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे निघतायत, असं असेल तर कॉपर पाइपावरचं काळं स्पंज फाटलंय आणि उघड्या गार नळीला घाम येतोय. नवीन इन्सुलेशन घालून टेप गुंडाळला की थांबतं. आणि वाऱ्याबरोबर तुषार उडत असतील तर आधी दारं-खिडक्या बघा. उघड्या खिडकीतून दमट हवा सतत आत येत असली की गार झडपांवर दव साठतं आणि ते उडतं. खिडकी लावून तासभर बघा. तरीही उडत असेल तर कॉइल आणि ब्लोअर नीट धुऊन घ्यायला हवेत.

एक प्रकार असा, की सर्व्हिस झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून गळायला लागलं. यात माणसं चक्रावतात. जेटनं धुताना कॉइलमधली घाण सुटून खाली ट्रेत येते आणि ड्रेनच्या तोंडाशी बोळ्यासारखी बसते. म्हणून सर्व्हिस करणारा माणूस घरात असतानाच आत लिटरभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय हे डोळ्यांनी बघा. तो निघून गेल्यावर मग फोन उचलला जाईलच असं नाही.

आमची गळती पहिल्या प्रकारची होती, पण दर वीस दिवसांनी परत का यायची हे एसीवाल्याला कळलं नाही, ते कळलं शेजारच्या मिस्त्रीकाकांना. त्यांनी उभा जन्म गवंडीकामात घालवला. परातीचा विषय निघाला तसे ते आतून बाहेरून एक चक्कर मारून आले आणि घरी जाऊन लेव्हलची नळी घेऊन आले. पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक त्यांनी भिंतीच्या भोकातून बाहेर आलेल्या पाइपाशी धरलं, दुसरं मला छज्ज्याच्या कडेशी धरायला लावलं. पाइपांचा जुडगा भोकातून निघून आधी छज्ज्यावर टेकत होता आणि मग छज्ज्याची उचललेली कड ओलांडून खाली जात होता. कडेशी नळीतलं पाणी स्थिर झालं तसं काका म्हणाले, "ताई, पाणी कुठं चढतंय व्हय? ही कड बघा की, दोन बोटं वर हाय."

बसवणाऱ्यानं ड्रेनचा पाइपही कॉपरच्या नळ्यांबरोबर त्याच टेपात गुंडाळून टाकला होता. टेपावरून सगळं सरळ दिसायचं. आत मात्र छज्ज्यावरच्या खोलगट भागात पाणी कायम साचून राहायचं. काकांनी तिथला टेप ब्लेडनं कापला, पाइप सोडवून वाकवला आणि आतून एक गोळा बाहेर पडला. पांढरट-पिवळट, भाताच्या घट्ट पेजेसारखा, बोटात धरला तर लांबत जाणारा. धुळीवर आणि ओलाव्यावर वाढणाऱ्या जंतूंचा आणि बुरशीचा हा थर असतो, आणि त्याला साचलेलं पाणी लागतं. आम्ही दरवेळी गोळा काढायचो आणि त्याचं डबकं तसंच ठेवायचो. वीस-बावीस दिवस त्याला पुन्हा वाढायला लागायचे.

काकांनी दुसरी गोष्ट काढली ती पाणसळ लावून. इनडोअर डाव्या बाजूला अर्ध्या करंगळीएवढं कललेलं होतं, आणि ड्रेन उजवीकडं. म्हणजे पाणी जिथून जायचं ती बाजूच उंच. म्हणून ट्रे भरला की डाव्या कोपऱ्यातूनच सांडायचा. डोळ्यांना हा कल कधीच दिसला नसता.

दुरुस्ती एका सकाळची निघाली. मागची पट्टी सैल करून एसीवाल्यानं युनिट समतल केलं. ड्रेनचा पाइप जुडग्यातून वेगळा काढला. रिंगांच्या लवचीक पाइपाच्या प्रत्येक खाचेत घाण धरते, म्हणून तो भोकाबाहेरच्या वीतभर तुकड्यापुरताच ठेवला आणि पुढं पाऊण इंची साधा पीव्हीसी पाइप छज्ज्याला वळसा घालून भिंतीवरून खाली उतरवला, मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार धरून. भिंतीशेजारी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला आणि त्याचं वरचं तोंड बुचानं बंद केलं, म्हणजे पुढं कधी साफ करायचं झालं तर तिथूनच पाणी मारता येतं. पाइप, टी, एल्बो आणि सोल्युशन, सगळं लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात एका फेरीत मिळालं. काम झाल्यावर मी आत ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओतलं, मुलगा खाली बादली घेऊन उभा होता. "आई, आलं! धार आली!" ही हाक आत्यांनी पलंगावर बसून ऐकली आणि परात उचलून स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

तुमच्या पाइपाचं बाहेरचं टोकही एकदा जाऊन बघा. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण खाली बादली ठेवतो आणि बादली भरली की पाइपाचं तोंड पाण्यात बुडतं. मग आतली हवा अडकते आणि पाणी मागं तटतं. तोंड पाण्याच्या निदान वीतभर वर हवं. दुसरं, कुंभारीण माशी. तिला अशी बोटभर रुंदीची अंधारी भोकं घर बांधायला फार आवडतात. उन्हाळ्यात पाइपातून पाणी फारसं येत नाही, तेवढ्यात ती आत मातीचं घर करते आणि जूनमध्ये पाइप बुच मारल्यासारखा बंद सापडतो. आमच्या जावेच्या फुलेवाडीतल्या घरी नेमकं हेच झालं होतं. एका तारेनं टोकलं तर सुकलेली माती आणि आत तिच्या अळ्या. तोंडाला जाड भोकांची जाळी बांधा. बारीक जाळी बांधू नका, ती स्वतःच शेवाळानं तुंबते.

घरच्या घरी पाइप साफ करायचा तर एमसीबी पाडून बाहेरच्या टोकाकडून ओढून घ्या. ओलं-कोरडं दोन्ही खेचणारा व्हॅक्यूम कुणाकडं असेल तर त्याचं तोंड पाइपाला लावून भोवती फडकं आवळून धरा, मिनिटभरात गोळा बाहेर येतो. बाहेरून आत जोरात हवा मारू नका, ती घाण ट्रेमधून भिंतीवर आणि ब्लोअरवर उडते. ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी तर बिलकुल नको. कॉइलच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्या खाऊन जातात. कोमट पाणी पुरतं. फार झालं तर वाटीभर साधा व्हिनेगर पाण्यात मिसळून टीमधून सोडायचा, अर्ध्या तासानं वरून भरपूर साधं पाणी. फिल्टर नळाखाली मागच्या बाजूनं धुवा, सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच लावा. आमच्यासारखा रस्त्याकडेचा फ्लॅट असेल तर पंधरा दिवसांनी एकदा. ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळल्यावर वाऱ्यानं काळी राख उडत येते, त्या भागातल्या लोकांनी त्याहून लवकर.

आता गॅसबद्दल, कारण इथं पैसे जातात. "गॅस कमी झालाय, भरून देतो" हे वाक्य गळतीच्या तक्रारीवर फार सहज येतं. एसीतला गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठंतरी फट आहे, आणि फट न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. म्हणून शांतपणे विचारा की लीक कुठं आहे ते दाखवा. नटांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात, तिथं बहुधा तेलकट डागही असतो. फट बुजवल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपानं काढून, आउटडोअरच्या स्टिकरवर जेवढं वजन लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरायला हवा. आर-३२ हा हल्लीच्या बऱ्याच एसींतला गॅस थोडा ज्वलनशीलही आहे, त्यामुळं हे काम शिकलेल्या माणसाचंच. आणि खोली नीट गार होत असेल, कॉइलवर बर्फ नसेल, फक्त पाणी गळत असेल, तर गॅसचा विषय काढायचं कारणच नाही.

ट्रेला तडा गेलेला असू शकतो, जुन्या युनिटमध्ये होतं. पाइप मोकळा, लेव्हल बरोबर, बर्फ नाही आणि तरीही एकाच जागेवरून थेंब पडत असेल तर ट्रे उतरवून पाणी भरून बघायला सांगा. एम-सील तात्पुरतं चालतं, पुढच्या मोसमाला ट्रे बदलून घ्या.

वेळेचंही बोलते. आपल्याकडं बहुतेक जण मार्चमध्ये सर्व्हिस करून घेतात, उन्हाळ्याआधी. गारव्यासाठी ते बरोबरच. पण पाण्याची तपासणी मे संपता संपता पुन्हा एकदा करायला हवी, वळीव पडून गेल्यावर आणि ७-८ जूनला मिरग निघायच्या आत. गावाकडं त्याच दिवसांत माझे वडील कौलं चाळायचे, फुटकी बदलायचे. कोरड्या दिवसात छपराची फट दिसत नाही, म्हणून पाऊस यायच्या आधी शिडी लावायची. मी आता त्याच आठवड्यात एसीची बाटली-परीक्षा घेते: आत लिटरभर पाणी, बाहेर बादली, मधे घड्याळ. आमच्याकडं ओतून संपल्यावर मिनिटभरात जवळपास सगळं पाणी खाली पोचतं. पुढं कधी तीन-चार मिनिटं लागायला लागली, तर टीचं बुच उघडायचं.